पुण्याचा पसारा पेठांत नाही

(१)
'पुण्याच्या पेठा म्हणजे नियोजनशून्यता' हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला पुरावा मागणे आता कोणाला सुचतही नाही. अरुंद बोळ आणि एकमेकांना खेटलेली घरे हे जुने, आपोआप वाढलेले पुणे. रुंद रस्ते, मोठी फाटके आणि कातरलेली हिरवळ हे नवे, नियोजित पुणे. आजचा धागा या समजुतीच्या विरोधात आहे. शहराचा पसारा मोजण्याची एक रीत अशी आहे की ती लावली असता ही दोन चित्रे आपापल्या जागा बदलतात.

(२)
पसारा मोजायचा म्हणजे काय मोजायचे? बहुतेकांचे पहिले उत्तर क्षेत्रफळ. पुणे महानगरपालिका १९५० मध्ये स्थापन झाली. १९९७ मध्ये हद्दीलगतच्या ३८ गावांचा समावेश जाहीर झाला, त्यांतील काही गावे पुढे वगळली गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आत आली आणि हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. पण हा आकडा शासनाच्या अधिसूचनेचा आहे, शहराच्या वाढीचा नव्हे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे आधी हद्दीत आली, मग हद्दीबाहेर काढली गेली. तेथल्या एकाही घराने या काळात जागा सोडली नाही.

(३)
दुसरे उत्तर घनता. अमेरिकेत पसाऱ्याची चर्चा सुरू झाली ती एकेका बंगल्याभोवती मोठे अंगण असलेल्या विरळ उपनगरांमुळे, म्हणून तेथे दर चौरस किलोमीटरला माणसे किती हे मोजणे पुरेसे वाटले. पुण्याच्या कडेला ही मोजपट्टी हात टेकते. वाकड, वाघोली, आंबेगाव येथे बंगले नाहीत, टोलेजंग इमारती आहेत. घनतेच्या हिशेबाने हा पसारा ठरतच नाही. तरीही तेथला रहिवासी समोरच्या गृहसंकुलातील मित्राकडे जाण्यासाठी गाडीची किल्ली उचलतो. हे का होते, याचे उत्तर माणसांच्या संख्येत सापडत नाही. ते रस्ते एकमेकांना कसे मिळतात यात सापडते.

(४)
या मोजणीचा उगम जुना आहे. १७३६ मध्ये गणिती ऑयलर याने क्योनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे सोडवले. प्रत्येक पूल नेमका एकदा ओलांडून फेरफटका मारता येईल का, हा प्रश्न. उत्तर 'नाही' असे निघाले. पण महत्त्वाचे ते उत्तर नव्हे. पुलांची लांबी, रुंदी, सौंदर्य यांतले काहीही ऑयलरने विचारात घेतले नाही. कोणती भूमी कोणत्या भूमीला किती दुव्यांनी जोडलेली आहे, एवढेच पाहिले. शहराच्या रस्त्यांकडेही तसेच पाहता येते. जेथे रस्ते मिळतात किंवा संपतात ती गाठ. दोन गाठींमधला रस्ता म्हणजे दुवा.

(५)
कागदावर करून पाहा. तीन ओळी आणि तीन स्तंभ असे नऊ चौकोनांचे जाळे काढा. त्यात १६ गाठी आणि २४ दुवे येतात. दुव्यांना गाठींनी भागले की १.५. आता तेवढ्याच १६ गाठी एका झाडासारख्या मांडा: मधोमध एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि कोणतीही फांदी दुसऱ्या फांदीला मिळत नाही. दुवे होतात १५, गुणोत्तर ०.९४. अमेरिकी नियोजनात १.४ च्या आसपासचे गुणोत्तर चांगले मानण्याचा प्रघात आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. दुव्यांतून गाठी वजा करून एक मिळवला की जाळ्यातील स्वतंत्र वेढ्यांची, म्हणजे फिरून परत येता येईल अशा वळशांची, संख्या मिळते. पहिल्या आकृतीत ती ९, दुसऱ्या आकृतीत शून्य. शून्याचा अर्थ असा की कोणत्याही दोन घरांमध्ये एकच वाट आहे. ती वाट जलवाहिनीसाठी खणली, तिच्यावर टँकर उलटला, तिच्यात पाणी तुंबले, तर दुसरी वाट नाही.

(६)
याच्या जोडीला आणखी काही मोजमापे वापरली जातात: एका चौरस किलोमीटरमधील चौक आणि तिठे, एकूण गाठींपैकी बंद गल्ल्यांचे प्रमाण, आणि सरळ रेषेतील अंतराच्या किती पट चालावे लागते. शेवटचे माप सर्वांत बोलके. भिंतीपलीकडचे दुकान १०० मीटरवर आणि त्याची वाट दीड किलोमीटरची असेल, तर वळसा पंधरा पट. जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एक पूर्ण प्रकरण रस्त्यांमधले तुकडे लहान असावेत या मागणीसाठी खर्च केले. चालणाऱ्याला वळण्याची संधी वारंवार मिळाली पाहिजे, हे त्यांचे म्हणणे.

(७)
बंद गल्ली ही काही काळ आधुनिकतेची खूण होती, हे येथे नोंदवले पाहिजे. न्यू जर्सीतील रॅडबर्न ही वसाहत १९२९ मध्ये मोटारींपासून मुलांना दूर ठेवण्यासाठी बंद गल्ल्यांवर रचली गेली. मात्र तिच्यात पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र वाटांचे जाळे होते. पुढे अमेरिकेच्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने १९३० च्या दशकात चौकटीच्या रस्त्यांऐवजी बंद गल्ल्यांची शिफारस केली आणि विकासकांनी गल्ल्या घेतल्या, पाऊलवाटा टाकून दिल्या. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की अमेरिकेत नव्या रस्त्यांचे हे तुटलेपण १९९४ च्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि नंतर उतरू लागले. २०२० मध्ये त्यांनीच साऱ्या जगाचे रस्ते मोजले. १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले आहेत, हा त्यांचा निष्कर्ष. ज्या चुकीतून अमेरिका बाहेर पडू पाहत होती, ती इतरांनी उत्साहाने उचलली.

(८)
आता पेठांकडे. 'पेठ' या शब्दाचा मूळ अर्थच बाजार. अठराव्या शतकात पुण्यात पेठ वसवणे ही एक ठरलेली कृती होती. सरकारातून कौल मिळे, शेटे-महाजन नेमले जात, नव्याने येणाऱ्या व्यापाऱ्यांना काही वर्षे करांत सूट मिळे आणि जागा आखून दिल्या जात. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या आणि नारायण पेठ नारायणरावांच्या नावाने उभी राहिली. आजची नाना पेठ आरंभी हनुमंत पेठ होती, रास्ता पेठ शिवपुरी होती. कसब्याचे रस्ते वाकडे आहेत, कारण कसबा या पेठांहून फार जुना आहे. रास्ता पेठ किंवा नाना पेठ नकाशावर पाहिली तर आडवे-उभे रस्ते डोळ्यांत भरतात. या रस्त्यांना 'आपोआप वाढलेले' म्हणणाऱ्याने नकाशा उघडलेला नाही, एवढेच म्हणता येते.

(९)
बाजाराला जाळे का लागते? कारण दुकान रस्त्याच्या तोंडावर जगते. धान्याची गाडी एका बाजूने आली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने गेली पाहिजे. गिऱ्हाईक तांब्याची भांडी पाहून कापडाकडे वळले पाहिजे. तांबट आळी, बोहरी आळी, कापडगंज ही नावे व्यवसायांची आहेत आणि एका व्यवसायाची आळी दुसऱ्या व्यवसायाच्या आळीला मिळते, तेव्हाच बाजार होतो. फाटकाआडचा बाजार ही कल्पनाच त्या काळाला हास्यास्पद वाटली असती.

(१०)
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक थांबा. जुन्या खरेदीपत्रात घराची ओळख चतुःसीमेने सांगितली जाते: पूर्वेस अमुकाचे घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस तमुकाची भिंत. लांबी-रुंदीचे आकडे असोत वा नसोत, शेजार मात्र लिहिलेला असतो. आजचे संगणकतज्ज्ञ जिला 'शेजार-यादी' म्हणतात ती याहून फार वेगळी नाही. पुरेशी खरेदीपत्रे एकत्र केली तर एखाद्या आळीचे जाळे नकाशाशिवाय उभे करता येईल. मोडी वाचता येणाऱ्या तरुणांनी तलवारींच्या लांबीवर जितका वेळ घालवला आहे, त्याचा दहावा हिस्सा येथे घालवायला हरकत नसावी.

(११)
पहिला आक्षेप ठरलेला आहे: पेठांत बंद बोळ आहेतच की. आहेत. वाड्याच्या दिंडीपाशी संपणारे, परसातल्या विहिरीपाशी संपणारे बोळ पुष्कळ आहेत आणि प्रामाणिक मोजणीत ते सर्व धरावे लागतात. फरक असा की हा बोळ आखूड असतो आणि जाळ्याला लोंबतो. बोळाच्या तोंडाशी आलात की निवड सुरू होते. शहराच्या कडेला याच्या उलट आहे. तेथे बंद गल्ली जाळ्याला लोंबत नाही. खोडाला लोंबते, आणि खोड एकच असते.

(१२)
दुसरा आक्षेप अधिक गंभीर: अरुंद बोळात अग्निशामक बंब जात नाही, हवा-उजेड पोहोचत नाही. खरे आहे. पण रुंदी आणि जोडणी या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत शंभर वर्षांहून अधिक काळ होत आली आहे. १८९६-९७ च्या प्लेगने मुंबई-पुण्याला हादरवले. १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ आले आणि दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ते कापणे म्हणजे सुधारणा असे समीकरण रूढ झाले. १९१४ पासून भारतात हिंडलेल्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विचारवंताने याला कडाडून विरोध केला. गल्ली पुसू नका. मोडकळीस आलेले एखादे घर काढा, तेथे मोकळी जागा करा, दोन बोळ एकमेकांत उघडा, असे त्याचे सांगणे होते. पुढे तोच मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचे विद्यार्थी नावारूपाला आले. त्याची सूचना मात्र नगरपालिकांच्या फायलींत राहिली.

रुंदीकरण लोकप्रिय का, याचे कारण साधे आहे. रुंदी मीटरमध्ये मोजता येते, निविदेत लिहिता येते, उद्घाटनात दाखवता येते. दोन बोळ एकमेकांत उघडले तर फीत कोठे बांधायची?

(१३)
येथवर वाचून पेशवाईच्या नगररचनेचा जयजयकार करण्यास जे सरसावले असतील त्यांनी थांबावे. जाळे जोडलेले असणे आणि रस्ता सर्वांचा असणे एकच नव्हे. त्याच काळात पुण्यात अस्पृश्य मानलेल्यांच्या वावरावर कठोर निर्बंध होते. सावित्रीबाई फुले बुधवार पेठेतील भिडे वाड्यातल्या शाळेकडे जात, तेव्हा रस्ता अखंड होता. तरी त्या रस्त्यावर त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, कारण पाण्यापर्यंतची वाट असून नसल्यासारखी होती. गाठी आणि दुवे यांचे गणित हे सांगत नाही. रस्ता आहे की नाही हे त्याला कळते. कोणाला आहे हे कळत नाही. ही उणीव लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटेल.

(१४)
मग बाहेरचे पुणे असे का झाले? 'लोकांना शिस्त नाही' हे उत्तर देणाऱ्याने कायदे वाचावेत. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने एक कल्पक पद्धत आणली. एका भागातील सर्व मालकांच्या जमिनी हिशेबासाठी एकत्र धरायच्या, त्यांतून आधी रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण नीट आकाराचा, रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यायचा. नुकसान सर्वांचे थोडे, लाभही सर्वांचा. भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, या पद्धतीने आखले गेले. फर्ग्युसन रस्त्याच्या आसपास चालताना एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सहज उतरता येते, याचे श्रेय वातावरणाला नव्हे, या अधिनियमाला आहे.

(१५)
हा अधिनियम मुंबई इलाख्याचा, म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात दोघांचा वारसा. १९५४ च्या नव्या अधिनियमाने विकास आराखडा सक्तीचा केला. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली. गुजरातने १९७६ च्या कायद्यात नगररचना योजना जिवंत ठेवली आणि अहमदाबादची वाढ एकामागून एक योजना आखत होत राहिली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही त्या योजनेचे प्रकरण आहे. पण व्यवहारात भर पडला तो आराखड्यावर रेषा ओढण्यावर आणि भूसंपादनाची वाट पाहण्यावर. भूसंपादनाला पैसा लागतो, खटले होतात, दशके जातात. दरम्यान रेषेच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहतात आणि मधला दुवा कागदावरच राहतो. अलीकडे म्हाळुंगे-माण येथे पीएमआरडीएने नगररचना योजनेची वाट पुन्हा धरली. शंभर वर्षांपूर्वीची पद्धत 'नवी' म्हणून परत आली, तीही बराच पसारा होऊन गेल्यावर.

(१६)
योजना नसेल तर रस्त्याचा आकार कोण ठरवते? शेत ठरवते. इंग्रजी अमलात १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांची जमीन मोजणी सुरू झाली. सर्व्हे नंबर, बांधांवरचे दगड, गावनकाशे त्या परंपरेतले. ही आखणी महसुलासाठी होती, चालण्यासाठी नव्हे. शेताला लागते ती एक पाणंद, बैलगाडीपुरती, गावठाणातून निघून शिवारात विरून जाणारी. पाणंदीचा आकार झाडाचाच असतो. शेतीला तो पुरतो.

आता त्या शिवारातील एक गट विकला जातो, त्याचा स्वतंत्र आराखडा मंजूर होतो, आत सुंदर रस्ते होतात आणि बांधावर भिंत येते. शेजारचा गट पाच वर्षांनी विकला जातो, त्यालाही स्वतंत्र मंजुरी आणि स्वतंत्र भिंत. दोन्हींची फाटके उघडतात त्याच जुन्या पाणंदीवर, जी आता डांबरी झाली आहे आणि हजारो गाड्यांचे ओझे वाहते. प्रत्येक आराखडा नियमानुसार आहे. बेकायदा काहीच घडलेले नाही, आणि रोग नेमका हाच आहे.

एक विरोधाभास पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ शेतकऱ्याला बांधावरून आपल्या शेतात जाण्यासाठी वाट मागू देते. ते कलम शेतीपुरते आहे. जमीन ज्वारी पिकवत होती तोवर बांध ही वाट होऊ शकत होती. तिच्यावर माणसे राहायला आली तेव्हा बांधाची भिंत झाली.

(१७)
परिणाम सर्वांना ठाऊक आहेत, फक्त त्यांचे नाव चुकीचे घेतले जाते. हिंजवडीच्या कोंडीला 'गाड्यांची गर्दी' म्हणतात. मूळ दुखणे असे की इतक्या मोठ्या माहिती-तंत्रज्ञान केंद्रात शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी स्फोटाने पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली, याचा केवढा गाजावाजा झाला! एका गाठीवर इतक्या दिशांचा भार का पडला होता, हा प्रश्न त्या गाजावाजात कोणी विचारला नाही. आणि महापालिका स्वतः अर्धवट राहिलेल्या रस्त्यांना 'मिसिंग लिंक' म्हणते. म्हणजे निदान अचूक आहे, शब्दही गणिताचा आहे; उपाय मात्र बहुधा उड्डाणपुलाचा. उड्डाणपूल खोड जाड करतो. फांद्या जोडत नाही.

(१८)
तिसरा आक्षेप सुरक्षेचा. फाटक नको तर मग चोर, भरधाव दुचाकी, परके? ही भीती खोटी नाही. पण फाटकाची किंमत कोण देतो ते पाहावे. आतल्या घरात दोन गाड्या असतील तर वळसा म्हणजे चार मिनिटे. चार इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी तोच वळसा दिवसातून चार वेळा, पायी, पावसात. पीएमपीची बस झाडाच्या डहाळीत शिरू शकत नाही, कारण पलीकडून बाहेर पडता येत नाही. ती खोडावरच धावते आणि थांब्यापासून घरापर्यंतचे अंतर प्रवाशाच्या पायांवर पडते. तेराव्या क्रमांकाच्या चौकशीत मागे सांगितलेली उणीव येथे परत येते: रस्ता कोणाला आहे? पेठेत हे जात ठरवत होती. संकुलात पहारेकऱ्याच्या हातातील नोंदवही ठरवते. मालवाहू मुलाला कोणत्या लिफ्टने जायचे हेही तेथेच लिहिलेले असते.

(१९)
'हळूहळू सुधारेल' असे म्हणणाऱ्यांना इतिहास फारसा दिलासा देत नाही. इमारतीचे आयुष्य पन्नास-साठ वर्षे. रस्त्याच्या रेषेचे आयुष्य शतके. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील घरे कोसळली. घरे नवी उभी राहिली. गल्ल्या बहुतांशी जुन्याच रेषांवर राहिल्या. वाडे गेले, त्यांच्या जागी सदनिका आल्या, बोळ तेथेच आहेत. आज समाविष्ट गावांत जी भिंत बांधली जात आहे तिचीही हीच गत होणार. इमारत पाडून पुन्हा बांधता येते. शेकडो सदनिकाधारकांच्या सामाईक जमिनीतून रस्ता काढणे जवळपास अशक्य असते.

(२०)
म्हणून मागणी एवढीच आहे आणि ती खर्चिक नाही. कोणत्याही मोठ्या आराखड्याला मंजुरी देताना चार आकडे जाहीर व्हावेत: दुवे-गाठी गुणोत्तर, बंद गल्ल्यांचे प्रमाण, शेजारच्या गटांना जोडणाऱ्या वाटांची संख्या, आणि सर्वांत जवळच्या बसथांब्यापर्यंतचा वळसा. चटई क्षेत्र दशांश चिन्हापर्यंत मोजणाऱ्या यंत्रणेला हे जड जाऊ नये. गाड्यांना बंदी हवी असेल तर असू द्या. पायी आणि सायकलने जाण्यापुरती वाट भिंतीत ठेवणे हे रॅडबर्नलाही १९२९ मध्ये जमले होते.

(२१)
तोवर मोजणी कोणीही करू शकतो. ओपनस्ट्रीटमॅप विनामूल्य आहे. जेफ बोइंग यांनी तयार केलेली ओएसएमएनएक्स ही संगणकीय साधनपेटीही विनामूल्य आहे. एक किलोमीटर बाजूचे दोन चौकोन घ्या, एक रास्ता पेठेत आणि एक आपल्या घराभोवती. गाठी मोजा, दुवे मोजा, बंद टोके वेगळी काढा. मग एक काम पायी करा: नकाशात संकुलांचे अंतर्गत रस्ते मोकळे दिसतात, त्यामुळे संगणक शहराला आहे त्याहून अधिक जोडलेले समजतो. प्रत्येक फाटकापाशी जा, ते कोणासाठी उघडते ते पाहा, आणि बंद असलेले प्रत्येक फाटक नकाशावर नोंदवा. मग गुणोत्तर पुन्हा काढा. दोन्ही आकडे या धाग्याखाली लिहा, भागाच्या नावासह.